वेळ सुरुवातीची की मधली

माझा लेख एका नियतकालिकाने स्वीकारला आणि सोबत एक अट घातली. ज्या निरीक्षणांवर लेख उभा आहे ती सगळी, प्रक्रिया पूर्ण करून, एका सार्वजनिक संग्रहात ठेवा. जगातल्या कुणालाही ती उतरवून घेता आली पाहिजेत. अट मला मनापासून पटली होती. माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण मी अशाच, दुसऱ्या कुणीतरी ठेवलेल्या निरीक्षणांवर लिहिलं होतं. त्या माणसांना मी कधी पाहिलं नाही. त्यांनी तो खटाटोप केला म्हणून माझी दोन वर्षं वाचली होती. आता माझी पाळी होती, एवढंच.

आमची निरीक्षणं म्हणजे काही ताऱ्यांचे वर्णपट. ताऱ्याचा प्रकाश रंगारंगांत फाकवून त्याची नोंद घेतली की एक रेघ मिळते, डोंगरांच्या रांगेसारखी वरखाली होणारी. आमचे तारे स्वतःभोवती फार वेगाने फिरतात, इतक्या वेगाने की त्यांच्यातला वायू बाहेर पडून भोवती कडं धरतो. काही वर्षांनी ते कडं विरून जातं. त्या रेघेतला एक सुळका बघून ते कळतं. पण त्यासाठी एकच तारा वर्षानुवर्षं बघत राहावं लागतं, आणि इतकी वर्षं एक माणूस सहसा टिकत नाही. हे काम बेंगळुरूच्या आमच्या संस्थेतल्या सरांनी तमिळनाडूतल्या एका टेकडीवरच्या दुर्बिणीवर सुरू केलं. त्यांच्याकडे माझ्याआधी एक विद्यार्थिनी होती. ती मधेच सोडून गेली. मग बेळगावकडून मी आले. तिला मी पाहिलेलं नव्हतं. तिचं नाव फक्त फाइलींवर होतं.

फाइली संग्रहाच्या नियमात बसवायला मला वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ वेळ लागला. प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर तिची माहिती असते, तिला आम्ही हेडर म्हणतो: कोणता तारा, कोणती दुर्बीण, शटर किती वेळ उघडं होतं, केव्हा उघडलं, कोणी. आमच्या हेडरांत एकाच ताऱ्याचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं होतं. कुठे एकक नव्हतं, कुठे आकड्यातली अनिश्चितता वेगळ्याच रकान्यात जाऊन बसली होती. मी रोज बसून ते निस्तरत होते. माझा नवरा व्हाइटफील्डच्या एका कंपनीत आहे. ऑफिसच्या कॅबमधून तासन्‌तास बसून घरी आला की तो मला विचारायचा, ‘तारे तेच, रेघा त्याच, लेखही छापायला गेला. मग तू करतेस तरी काय?’ मी सांगायचे, ‘घर आवरतेय. पाहुणे येणार आहेत.’

सगळं भरून पाठवलं. काही दिवसांनी संग्रहात तपासणी करणाऱ्या बाईंचं उत्तर आलं. त्या समुद्रापलीकडच्या कुठल्याशा गावी बसतात, आणि त्यांचा आणि माझा संबंध फक्त मेलवरचा. त्यांनी बारीकसारीक दुरुस्त्या सुचवल्या होत्या, त्या मी त्याच दिवशी केल्या. शेवटी एक प्रश्न होता. ‘हेडरमधली वेळ ही शटर उघडल्याची आहे, की एक्स्पोजरच्या मधली? कृपया सर्व फाइलींसाठी सांगावे.’

माझ्या हंगामांचं मला माहीत होतं. नवा कॅमेरा आल्यापासून तो स्वतःच मधली वेळ लिहितो. पण त्याआधीच्या, म्हणजे निम्म्याहून जास्त फाइली जुन्या कॅमेऱ्यावरच्या होत्या. आमचं एक्स्पोजर अर्ध्या तासाचं, म्हणजे शटर तेवढा वेळ उघडं. सुरुवात आणि मध्य यांत पाव तासाचा फरक, आणि आमचे तारे तर वर्षांच्या हिशेबाने बदलणारे. माझ्या लेखाला त्याने काही होणार नव्हतं. मी ‘सुरुवातीची’ असं लिहून टाकलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण कुणी उद्या त्याच फाइली घेऊन मिनिटामिनिटाला होणारा बदल शोधायला बसलं तर? मी सरांना फोन केला. सर निवृत्त होऊन घरीच असतात.

‘ते मला कसं आठवणार?’ सर म्हणाले. ‘ते काम तिचं आहे. तीच सांगेल.’

‘त्यांचा नंबर आहे तुमच्याकडे?’

‘आहे. पण मी बरीच वर्षं फोन केलेला नाही. तू कर.’

मी फोन लावला. पलीकडून ‘हेळी’ आलं, म्हणून मी कन्नडमध्ये ओळख सांगितली. माझं आडनाव ऐकल्यावर त्या मराठीत बोलू लागल्या, बेंगळुरूच्या जुन्या घरांतली मराठी, आमच्या बेळगावच्या कानालाही जरा वेगळी वाटणारी. मी कशासाठी फोन केला ते सांगितलं.

‘ते सगळं अजून आहे?’ त्यांनी विचारलं.

‘आहे. सगळं आहे.’

‘सरी, ठीक आहे. रविवारी ये. फोनवर नको, इथे डोक्यावरून विमानं जातात, काही ऐकू येत नाही.’

हेब्बाळला बस बदलून मी विमानतळाजवळच्या देवनहळ्ळीला गेले. किल्ल्याच्या मागच्या बाजूला, जिथे द्राक्षांचे मळे संपून प्लॉटांच्या पाट्या सुरू होतात, तिथे त्यांचं घर होतं. दार त्यांनीच उघडलं. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, उंच, केस आखूड कापलेल्या. मी ‘मॅडम’ म्हणाले तर हसल्या. ‘मॅडम ऑफिसात. इथे अक्का म्हण.’

त्यांचं माहेर बेंगळुरूतल्या चामराजपेटचं. त्यांचं घराणं तीन-चारशे वर्षांपूर्वी कधीतरी इकडे आलं आणि इथलंच झालं. वडिलांचं पुठ्ठ्याचे खोके बनवायचं छोटं दुकान होतं. अक्का सरांकडे संशोधन करत होत्या तेव्हा वडिलांना अर्धांगवायू झाला. भाऊ शाळेत होता. अक्कांनी एका वर्षाची सुट्टी मागितली, दुकान सांभाळलं, आणि ते वर्ष काही संपलं नाही. मग विमानतळावर नोकरी लागली, फुलं परदेशी पाठवणाऱ्या कंपनीत, कागदपत्रांच्या विभागात. लग्न झालं, मुलगी झाली. हे सगळं त्यांनी मला कॉफीच्या आधीच सांगून टाकलं, जसं पाहुण्याला चपला कुठे काढायच्या ते सांगावं तसं.

मी लॅपटॉप उघडून त्यांची एक फाइल दाखवली. निरीक्षकाच्या जागी त्यांची आद्याक्षरं होती. त्यांनी पडद्याला बोट लावलं.

‘मीच की ही,’ म्हणाल्या.

मी प्रश्न वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटले. कितीतरी वेळ आठवायचा प्रयत्न केला.

‘आठवत नाही गं. खोटं कशाला सांगू? सुरुवातीची असावी. पण असावी म्हणून तू लिहिणार का?’

‘नाही,’ मी म्हणाले. ‘मग “माहीत नाही” असं लिहू. संग्रहाला ते चालतं.’

त्यांना ते आवडलं नाही. त्या कॉफी करायला आत गेल्या. मी तिथेच बसून राहिले, मनात म्हटलं, निदान भेट तर झाली. आतून दूध उतू गेल्याचा वास आला आणि पाठोपाठ अक्का हातात फडकं घेऊन बाहेर आल्या.

‘पृथ्वीच्या वेगाची दुरुस्ती मी प्रत्येक फाइलीला लावली होती. तो आकडा हेडरमध्ये लिहिलाय का?’

लिहिलेला होता. दशांशाच्या तीन घरांपर्यंत.

‘मग उलटं कर की,’ त्या म्हणाल्या.

त्यांना काय म्हणायचं होतं ते माझ्या लगेच लक्षात आलं आणि मला स्वतःचं हसू आलं. पृथ्वी सूर्याभोवती धावते, स्वतःभोवती फिरते. तिच्यावर उभं राहून आपण ताऱ्याकडे जात असतो किंवा त्याच्यापासून दूर. तो वेग वजा केल्याशिवाय ताऱ्याचा खरा वेग कळत नाही. आणि तो वेग मिनिटागणिक किंचित बदलतो. अक्कांनी जो आकडा लिहून ठेवला होता तो नेमक्या एका क्षणासाठी बरोबर होता. तो क्षण शोधायचा आणि हेडरमधल्या वेळेशी ताडून बघायचा. म्हणजे त्यांना आठवण्याची गरजच नव्हती.

मी तिथेच जेवणाच्या टेबलावर छोटा प्रोग्राम लिहिला. अक्का शेजारी खुर्ची ओढून बसल्या. पहिल्या फाइलीचा क्षण हेडरमधल्या वेळेच्या पाव तास पुढे निघाला. दुसरीचाही. पाच-सहा फाइली तशाच निघाल्यावर त्या म्हणाल्या, ‘म्हणजे हेडरमध्ये सुरुवात, आणि गणित मी मध्याचं केलेलं. बरोबर केलं होतं म्हणायचं.’

मग सगळ्या फाइली एकदम चालवल्या. सरळ रांगेत ठिपके पडत गेले आणि एका ठिकाणी थोडे ठिपके रांग सोडून भलतीकडेच जाऊन बसले. माझा चेहरा पडला. मला वाटलं, आपली युक्तीच फसली. अक्का मात्र पुढे वाकून बघत राहिल्या.

‘किती तासांनी चुकतायत?’

मी मोजलं. पाव तास बाजूला काढला तर साडेपाच तास.

‘अय्यो,’ त्या सावकाश म्हणाल्या, आणि त्यांना सगळंच आठवलं. ‘त्या खेपेला कॉम्प्युटर दुरुस्त करून आणला होता. कुणीतरी त्याचं घड्याळ आपल्या वेळेवर लावलेलं. आम्ही ग्रीनिचची वेळ लिहायचो ना. परत निघताना माझ्या लक्षात आलं. गणित करताना मी साडेपाच तास वजा करून केलं, पण हेडर बदलायचं राहिलं. पुढच्या खेपेला बदलीन म्हटलं. मग घरून अण्णांच्या आजारपणाचा फोन आला, आणि पुढची खेप झालीच नाही.’

अण्णा म्हणजे त्यांचे वडील. अक्का उठल्या, खिडकीपाशी गेल्या, परत आल्या.

‘लिही,’ म्हणाल्या. ‘आत्ता लिही. नाहीतर परत राहील.’

आम्ही त्या फाइलींची हेडरं तिथेच बदलली आणि का बदलली ते सोबतच्या टिपणात लिहिलं. टिपण माझ्या इंग्रजीत गोल गोल होत होतं. अक्कांनी ते त्यांच्याकडे ओढून घेतलं. ‘आमच्याकडे पेटीवरचा एक रकाना चुकला तर गुलाब तिकडच्या विमानतळावरच सुकतात,’ म्हणाल्या. ‘लिहिताना समजायचं की वाचणारा घाईत आहे आणि त्याला आपण कोण ते ठाऊक नाही.’ त्यांनी माझी चार वाक्यं काढून दोन घातली. नंतर तपासणीच्या बाईंनी त्या टिपणातलं एक अक्षरही बदलायला सांगितलं नाही.

निघायच्या आधी मी मुख्य विषय काढला. फोनवरच काढायला हवा होता, पण धीर झाला नव्हता.

‘अक्का, संग्रहात निरीक्षणं कोणी तयार केली त्यांची नावं द्यायची असतात. तुमचं नाव पहिलं आहे. मग माझं. मग सरांचं. तुमची संमती लागेल.’

‘माझं कशाला? मी सोडून गेले.’

‘तुमचं काम सोडून गेलं नाही. अर्ध्याहून जास्त तुमचंच आहे.’

‘सरांना विचारलंस?’

‘हा क्रम सरांनीच सांगितला.’

त्या कॉफीचे पेले उचलून ठेवू लागल्या. मग म्हणाल्या, ‘मला वाटलेलं, ते सगळं कुठेतरी फेकून दिलं असेल. टेकडीवर थंडीत बसून घेतलेलं ते सगळं. कुणी एक फोन केला नाही. राग होता मला. आता नाही असं नाही. स्वल्प आहे.’

मी लॅपटॉप मिटून पिशवीत ठेवला.

‘सरी,’ त्या शेवटी म्हणाल्या. ‘घाल नाव. पण संस्था काय लिहिणार? फुलांची कंपनी?’

ते मलाही माहीत नव्हतं. संग्रहाच्या पानावर नावापुढे संस्था लिहिल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं. मी घरी येऊन तपासणीच्या बाईंना विचारलं. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं: संस्था नसेल तर गावाचं नाव पुरतं. मी अक्कांना कळवलं. त्यांनी लिहिलं, ‘मग देवनहळ्ळी लिही. चामराजपेट लिहिलं असतं, पण सासू रागावेल.’

सगळं तयार झालं तेव्हा मी दोघांनाही संस्थेत बोलावलं. सर येतील याची खात्री नव्हती. त्यांना आता काठी लागते. पण ते आले, अक्कांच्या आधी आले, आणि माझ्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसून राहिले. अक्का दुपारी जेवायच्या सुमारास आल्या. येताना डब्यात होळिगे, म्हणजे आपल्या पुरणपोळ्या, आणल्या होत्या.

‘कशी आहेस?’ सरांनी विचारलं.

‘बरी आहे, सर. तुम्ही वाळलात.’

‘मी फोन करायला हवा होता.’

‘हो, सर,’ अक्का म्हणाल्या, आणि त्यांनी डबा उघडला.

तेवढंच. मला वाटलं होतं आणखी काहीतरी बोलतील. पण सरांनी होळिगे हातात घेतली, अक्कांनी त्यांच्यासाठी कागदाची बशी शोधली, आणि मग अण्णांची तब्येत, मुलीची शाळा, टेकडीवरचा जुना स्वयंपाकी अशा गोष्टी सुरू झाल्या. त्या स्वयंपाक्याच्या पाण्यासारख्या रसमवर दोघं इतकं हसले की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावलं.

दुरुस्त फाइली संग्रहात पाठवायचं बटण दाबण्याआधी मी त्यांना एक चित्र दाखवलं. लेखातलंच होतं, पण अक्कांनी ते पाहिलं नव्हतं. एकाच ताऱ्याचे सगळे वर्णपट एकावर एक रचलेले. खाली अक्कांचे हंगाम, वर माझे. खालच्या रेघांत तो सुळका पहिल्यांदा उंच आहे, मग दरवर्षी बुटका होत जातो, आणि अक्कांच्या शेवटच्या खेपेला तिथे काहीच उरत नाही, नुसता खळगा. कडं विरून गेलेलं. त्यानंतर मधे मोकळी जागा आहे, त्या काळात कुणी बघितलंच नाही. आणि त्यावर माझे हंगाम.

अक्का खालून वर बघत गेल्या. मोकळ्या जागेपाशी थांबल्या. मग वर.

‘परत आलं,’ म्हणाल्या.

‘आलं. आधीपेक्षा मोठं.’

‘मी सोडलं तेव्हा संपलं होतं सगळं.’ त्यांनी सरांकडे पाहिलं. ‘मला वाटलं होतं, हा तारा आता असाच राहणार.’

सर म्हणाले, ‘मलाही तसंच वाटलं होतं.’

अक्कांनी चित्राचा फोटो काढला. मग मी माऊस त्यांच्या पुढे सरकवला आणि त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर एक हिरवी पट्टी आली, फाइली पोचल्याची. आम्ही उरलेल्या होळिगे खाल्ल्या. अक्कांना दुपारच्या पाळीला जायचं होतं म्हणून त्या निघाल्या. सरांना मी रिक्षात बसवून दिलं. रिक्षा सुटताना सर म्हणाले, ‘बरं केलंस.’ इतक्या वर्षांत त्यांनी मला हे पहिल्यांदाच म्हटलं असेल. पण त्या दिवशी मला त्याचं फारसं काही वाटलं नाही, कारण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ते बसथांब्याकडे बघत होते, अक्का गेल्या त्या दिशेला.

काही आठवड्यांनी आमची निरीक्षणं सगळ्यांना खुली झाली. मी तपासणीच्या बाईंना आभाराचं पत्र लिहिलं आणि त्यांच्या एका प्रश्नामुळे काय काय झालं ते थोडक्यात सांगितलं. त्यांनी लिहिलं, हा प्रश्न मी सगळ्यांना विचारते. बहुतेक लोक ‘सुरुवातीची’ असं लिहून मोकळे होतात, आणि मी ते मान्य करते, कारण दुसरा इलाज नसतो. तुम्ही जाऊन विचारलंत याचा आनंद वाटला. मी ते पत्र अक्कांना पाठवलं. त्यांनी संग्रहातलं पान चामराजपेटला जाऊन अण्णांना फोनवर दाखवलं म्हणे. अण्णांना बोलताना त्रास होतो, पण अक्षरं मोठी कर म्हणून त्यांनी खूण केली, आणि नाव सापडेपर्यंत फोन हातातून सोडला नाही.

आता मी दुसऱ्या ताऱ्यांवर काम करते. पण टेकडीवर खेप असली की हा ताराही एकदा बघून घेते. अक्कांना त्या रेघेचा फोटो पाठवायची सवय झाली आहे. त्या विमानतळावरून, गुलाबांच्या पेट्यांमधून, लगेच उत्तर देतात: सुळका वाढला, किंवा तेवढाच आहे, किंवा ढगाळ होतं का गं? त्यांची नजर अजून माझ्यापेक्षा चांगली आहे. दोनदा त्यांनी मला फ्लॅटची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उणेअधिकपणाची, दुरुस्ती नीट झाली नाही असं नुसत्या फोटोवरून सांगितलं, आणि दोन्ही वेळा ते खरं होतं.

मागच्या महिन्यात परदेशातल्या एका विद्यार्थिनीचा मेल आम्हा दोघींना आला. तिने आमच्या फाइली उतरवून घेतल्या होत्या, आणि तिला नेमकी मिनिटांचीच गरज होती. घड्याळाच्या टिपणाबद्दल तिची एक शंका होती. मी दिवसभर बैठकीत होते. संध्याकाळी उत्तर लिहायला बसले तर अक्कांचं उत्तर आधीच गेलेलं होतं. स्वच्छ, मोजकं, एकही वाक्य जास्त नाही. मला भर घालण्यासारखं काही उरलं नव्हतं. शेवटी त्यांनी लिहिलं होतं की आणखी काही विचारायचं असेल तर निःसंकोच विचार, मात्र उत्तर रविवारी मिळेल, बाकीचे दिवस फुलं असतात.